काजूच्या बीएवढं लायसन

— नाय नाय, त्या खुर्चीवर नको, तिचा मागचा पाय मोडका हाय, माणूस टेकला की उताणा — ती मी मुद्दाम ठेवलीय, सरकारी माणसं येतात ना खाण मोजायला, त्यांच्यासाठी. तुमी इथे बसा, ह्या चिऱ्यावर. लाल लागेल मागे, लागू दे, चिरेखाणीवर आलेला माणूस पांढरा परत जात नाय. केळशीहून आलात? म्हंजे पहिली एसटी पकडली असणार. नि एवढी हाडं खिळखिळी करून आलात कशाला, तर त्या उन्मेषची चौकशी करायला — भास्करच्या उन्मेषची. मुलगी कोण तुमची? भाची. अवनी. बरं. म्हंजे तुमी मामा. मग बरोबर हाय, स्थळाच्या चौकशीला मामानेच जावं, बाप गेला की लगेच पाघळतो, चाय पितो नि पोरगा चांगला बोलून घरी येतो. मामाने कसं, शेजारी विचारावा, वाणी विचारावा, नि पोरगा जिथे राबला तो मालक विचारावा. तो मालक मी. शेजाऱ्यांकडे जाऊन आलात? — आलात. देवमाणूस बोलले असतील. बोलणारच, त्यांचे मोबाइल नि टीव्ही फुकट दुरुस्त करून देतो ना. गंगुबाई, दोन चाय टाक. साखर हात राखून टाक, पावणे लग्नाचे हायत पण माझ्या घरच्या लग्नाचे नायत. — हां, तर मामा, तुमाला गोड ऐकायचं की खरं? गोड हवं तर उठा आताच, रिक्षा उभी हाय. खरं हवं तर ऐका. त्या पोराने माझा धंदा बुडवलान. बसलेला धंदा, चालता धंदा, एका सकाळीत. मी महिपत, ह्या हातांनी जांभा फोडून वर आलेला माणूस, नि त्याने मला सगळ्या रत्नांग्रीसमोर येडा करून ठेवलान. आता विचारा.

कसा बुडवलान ते सांगतो, तुमाला कळेल असं सांगतो. मी चौथीत शाळा सोडली — सोडली म्हंजे मास्तराला पाटी मारली नि पळालो, ते असो — पण मला कळलं तर तुमाला कळेलच. खाण बरी चालली होती, नि रत्नांग्रीत मारुती मंदिरच्या अलीकडे माझा एक मजला रिकामा पडला होता. हा उन्मेष तेव्हा पुण्याहून शिकून आलेला, कॉम्प्युटरचा. बापाने पाठवलान माझ्याकडे, काय काम असेल तर बघा. पोरगा आला, खाली मान, ढोपरावर हात. बोलला, महिपतशेठ, मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्याचे जुने केसपेपर टायपायचं काम मिळतंय, पोरी लागतील, जागा लागेल. मी बोललो घे सोळा कॉम्प्युटर. तर बोलला नको शेठ, एकच मोठा घेऊ, सर्व्हर, तो आत थंड खोलीत ठेवू. बाहेर टेबलावर नुसता पडदा, टायपायची फळी नि एक डबी. पोरगी पडद्यासमोर बसली की तिला वाटतं आपला कॉम्प्युटर समोर हाय, पण तो तिथे नसतोच, तो आतल्या मोठ्या मशीनच्या पोटात. सगळ्या पोरींचे सगळे कॉम्प्युटर एकाच पोटात. मला पटलं. का पटलं सांगू? चोरायला काय नाय. पोरीने डबी पळवलीन तरी डबी ठोकळा. नि आत बसून दिसतं कोण काय करते. मी बोललो हे आपल्या खाणीसारखं झालं, इंजिन एक नि राबणारे सोळा. दोन हजार सातच्या दिवाळीत नारळ फोडला. सकाळची पाळी, दुपारची पाळी, पोरी खाली मान घालून टकटक टकटक. खोटं कशाला बोलू, पोरगा हुशार होता. हुशार माणूस लवकर माजतो, एवढंच.

नि मग ती सकाळ. मी जिना चढलो तर टकटक नाय. पडदे सगळे काळे. पोरी उभ्या. आत तो उन्मेष मशीन उघडून बसलेला, घामाने निथळत, एसी चालू असून घामाने निथळत. बोलला, शेठ, डिस्का गेल्या. मी बोललो गेल्या तर गेल्या, मशीन हाय, मरतं. माझ्या खाणीवर पातं मोडतं, मी दुसरं बसवतो. कॉपी कुठाय? — आता हे नीट ऐका मामा, हाच मुद्दा हाय. मशीनच्या पोटात जे हाय त्याची कॉपी रोजच्या रोज दुसऱ्या पेटीत पडायची असते, बॅकअप बोलतात. पोट फाटलं तरी त्या पेटीतून सगळं पयल्यासारखं परत येतं. पोरींचं टायपलेलं सगळं. तेवढ्यासाठी तर त्याला ठेवला होता. नि हा माझ्या तोंडाकडे बघतो. बोलला, कॉपी नाय शेठ. मी बोललो कालची नसेल, परवाची दे. बोलला, एकही नाय. अख्ख्या वर्षाची एकही नाय. सगळं काम पुरं करून मग एकदम मुंबईला द्यायचं ठरलं होतं — गेलं. धुळीत गेलं. दवाखान्याने काम काढून घेतलंन, नि आणखी वर माणूस पाठवलान चौकशीला. घ्या, चाय घ्या. गार झाली की तिला डिझेलचा वास येतो इथे.

मी सोडला नाय त्याला. मी कोणाला सोडत नाय. दोन्ही पाळ्यांच्या पोरी बोलावल्या, नि त्याला मध्ये उभा केला, कान धरून. चांगला पुण्याचा इंजिनीअर, कान धरून. बोललो बोल, मी झोपलो होतो, माझ्यामुळे तुमचं काम गेलं. तर हा काय बोलेना. नुसता उभा. मी थोबाडीत दिली. एक राही म्हणून पोरगी होती, ती मधे पडली, बोलली शेठ, त्याची चूक नाय, तुमाला माहीत हाय त्याची चूक नाय. मी बोललो असं काय? तुझी नि त्याची चूक कुठली ती मला ठाऊक हाय. घालवली तिला तिथल्या तिथे, नि दुसऱ्या दिवशी बाजारात बोललो दोन-चार ठिकाणी, की थंड खोलीत दोघं काय करायची. — हां, हे पण लिहून घ्या तुमच्या मनात, मुलीकडच्यांनी विचारायचीच गोष्ट ती. काय? खरं होतं का? ते मला काय माहीत. मी काय दाराशी कान लावून बसत होतो? पण बाजारात एकदा बोललं की होतं ते. त्या राहीचं ठरलेलं मोडलं, एवढं माहीत हाय मला. बसली असेल घरी.

मग भास्करला बोलावला. उन्मेषच्या बापाला. इथेच. त्याची चार कलमं हायत आंब्याची नि ऐट केवढी, तर पांढरी टोपी घालून आला. मी त्याला सावलीत घेतला नाय. तिथे, ते पातं चालतंय ना, त्याच्या बाजूला उभा केला, धुरळ्यात, नि मी माझ्या माणसांचा हिशोब करत बसलो, जेवलो, जरा लवंडलो, उठलो, तरी उभा. टोपी लाल झाली, मिशा लाल. बोलला, महिपतशेठ, पोराची सर्टिफिकेटं तेवढी द्या, त्याला पुण्याला बोलावणं आलंय. — हां, ते सांगायचं राहिलं. माझ्याकडे कामाला शिकलेलं माणूस ठेवलं की त्याची मूळ सर्टिफिकेटं मी ठेवून घेतो. दहावी, बारावी, इंजिनीअरची, सगळी. नायतर शिकतात माझ्या मशीनवर नि पळतात. मी बोललो, नुकसान भर नि घेऊन जा. बोलला, एवढं कुठून भरू. मी बोललो मग मर. गेला. म्हातारा त्याच्यानंतर फार टिकला नाय, पण ते काय माझ्यामुळे नाय, त्याला दमा होता.

नि तेव्हापासून तो उन्मेष येतो. महिन्याच्या अमावस्येला, खाण बंद असते तेव्हा. त्या काजूखाली बसतो. मी हाक मारत नाय तोवर उठत नाय. कधी मारतो हाक, कधी नाय मारत. सध्या मिरकरवाड्याला बर्फ फोडतो, होड्यांना द्यायचा बर्फ — शेजारी बोलले नसतील ना हे? बोटं बघा त्याची कधी, भेगा पडल्यात, त्याच बोटांनी टायपत होता. पुण्यावाले कागद बघितल्याशिवाय उभा करत नायत. आता तुमी बोलाल, कॉलेज दुसरी कॉपी काढून देतं. देतं, मलाही माहीत हाय, मी काय येडा नाय. पण त्याला शपथेवर लिहून द्यावं लागतं की मूळ कागद हरवले, नायतर नष्ट झाले. आता हरवले कुठे? ते इथे माझ्याकडे, नि हे त्याला माहीत. मग शपथेवर खोटं कसं लिहिणार? दुसरा कोण असता तर खरडून मोकळा झाला असता कधीच. हा नाय. बापाने शिकवलान ना तसा. मी सांगितलं एकदा तोंडावर, लिही की, मी काय कोर्टात सांगायला येतोय? तर बोलला, नाय शेठ, तुमी द्याल कधीतरी. — हसू नको तर काय करू? असल्याला पोरगी देताय. उद्या तुमची भाची उपाशी राहील नि हा खरं बोलत बसेल.

काय बोललात? लायसन? — मी लायसन घेतलं नव्हतं असं बोलायचंय तुमाला? हे त्या शेजाऱ्यांनी सांगितलंनी, हो ना? थांबा. चोरीच्या मशीनवर काम करणारा माणूस नाय मी. माझ्या बंदुकीला लायसन हाय, खाणीला हाय, ट्रकला हाय, नि त्या बॅकअपला पण होतं, चोख. तो पुण्याचा एजंट आला होता कॉपीचा प्रोग्राम विकायला, टाय लावून, ह्याच मोडक्या खुर्चीवर बसवला होता त्याला. बोलला, माणशी लायसन. जेवढी माणसं बसतात तेवढी. दोन पाळ्यांच्या पोरी मोजल्यान त्याने, दुप्पट. मी बोललो, मेल्या, टेबलं अर्धी नि लायसन दुप्पट? एका खाटेवर दिवसा एक झोपला नि रात्री दुसरा, तर खाटा दोन होतात काय? — म्हंजे हे उन्मेष बोलला त्याला, खाटेचं नाय, तो त्याच्या भाषेत बोलला, की आमचे पडदे एवढेच हायत, आतले कॉम्प्युटर एवढेच हायत, तुमच्याकडे टेबलाप्रमाणे लायसन असतं ते द्या. एजंट नाय नाय करत होता, मग दिलंन. पण दटावला मी. तरी केवढ्याचं. तेवढ्यात मी जुना ट्रक घेतला असता. नि ट्रक दिसतो तरी. हे काय आलं, सांगा बघू, एवढे मोजल्यावर? — थांबा, दाखवतोच. चंचीत हाय माझ्या. सुपारी बाजूला — हे बघा. काजूच्या बीएवढं. डोंगल बोलतात. हे मशीनला मागे खुपसायचं, की झालं लायसन. हे असलं तर कॉपी करणारा प्रोग्राम चालणार, हे नसलं तर ढिम्म. हातात घ्या. घ्या, चावत नाय. एवढ्याशा बोंडासाठी ट्रक गेला माझा.

माझ्याकडे कसं? म्हंजे? माझ्याकडेच असणार. माझं हाय. पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. — असं कसं विचारता तुमी, खाणीतलं काय माहीत नाय वाटतं तुमाला. ते इंजिन बघा. संध्याकाळी काम सुटलं की त्याचं हँडल मी काढतो नि घरी नेतो, उशाला ठेवतो. सगळे खाणवाले नेतात. का? नाय नेलं तर रात्री हीच माणसं इंजिन मारतात, माझ्या डिझेलवर चिरा कापतात, नि पहाटेला परस्पर विकतात. तसंच हे. ट्रकाएवढं मोलाचं बोंड मी काय मशीनच्या मागे उघड्यावर सोडून घरी जाऊ? वॉचमनने उपटून विकलंन तर? रोज सकाळी मी स्वतः जाऊन खुपसायचो, रोज संध्याकाळी स्वतः उपटायचो. एक दिवस चुकलो नाय. सासरा वारला त्या दिवशी पण मसणातून थेट गेलो, बोंड काढलं, नि मग आंघोळ केली. ह्याला बोलतात मालकी.

कधी चालायचा म्हंजे? तो कॉपीचा प्रोग्राम? — रात्री. हो, रात्रीच. तोच बोलायचा, शेठ, दिवसा चालवला तर पडदे सगळे जाम होतात, पोरी बसून राहतात, म्हणून रात्री हॉल रिकामा असताना चालायला लावलाय. मी बोललो बघ, रात्री. माझ्यामागे. मी घरी गेल्यावर माझं मशीन चालणार, माझी वीज जाळणार, नि मला दिसणार नाय काय करतंय ते. खाणीतला चोर पण रात्रीच कापतो. — तर बोलला शेठ, बोंड रात्री राहिलं नाय तर कॉपी पडणार नाय. बोलला, हो, बोलला, कितीदा बोलला. रोज बोलायचा. पाया पडला एकदा. बोलला लोखंडी पेटी बनवू त्याच्याभोवती, कुलूप तुमचं, चावी तुमच्याकडे, पण बोंड मशीनला राहू दे. मी बोललो पेटीचा खर्च तुझा बाप देईल? मग बोलला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तरी चालवू द्या. मी बोललो सुट्टी बंद. पोरी टायपताना भाकरी खातील. मग सकाळी मी गेलो की मशीनवर लाल अक्षरं दाखवायचा, ही बघा शेठ, काल पण नाय पडली कॉपी. दिवाळी झाली, शिमगा झाला, रोज लाल अक्षरं. शेवटी मी बोललो तो लाल रंग बंद कर, मला लाल रंग खाणीवर पुष्कळ हाय.

— मग काय झालं? कळत होतं मला तेव्हा? कॉम्प्युटरचं मला काय कळणार, अडाणी माणूस मी, त्याने नीट समजावायला नको होतं? तो दवाखान्याचा इंजिनीअर आला मुंबईचा, त्याने कसं एका शब्दात सांगितलंन. सगळं उघडून बघितलंन, मला जिन्यात घेतलान, नि बोलला शेठ, पोराची काय चूक नाय, रोज रात्री प्रोग्राम उठतो, लायसन शोधतो, मिळत नाय, परत निजतो, सगळी नोंद हाय आतमध्ये — कोण काढायचं हे? मी बोललो — मी काय बोललो? मी बोललो तुमी आंबा खाता का. दोन पेट्या हापूस दिला, देवगड नव्हे, आपला इथला, पावसचा. नि बसून लिहून घेतलं त्याच्याकडून, कामगाराचा हलगर्जीपणा. — होताच हलगर्जीपणा. असं काय बघताय? मालकाला पटवता आलं नाय हा हलगर्जीपणा नाय? नि मी काय करायचं होतं, दोन्ही पाळ्यांच्या पोरींसमोर बोलायचं होतं की मी चुकलो? महिपत चुकला? मग दुसऱ्या दिवशी ह्या खाणीवर कोण उचलणार होता माझ्या शब्दावर दगड? माणूस माझा शब्द ऐकतो का, तर मी कधी चुकत नाय म्हणून. एक कोणतरी उभा करायला लागतो मध्ये. तो उभा राहिला. नि मला माहीत हाय तो का बोलला नाय त्या दिवशी. तो बोलू शकत होता, एका वाक्यात बोलू शकत होता, बोंड कोणाच्या चंचीत हाय ते. पोरी बघत होत्या. माझ्याकडे बघितलान त्याने, नि गप राहिला. मला सांभाळून घेतलान. त्याने. मला. तेव्हाच मी थोबाडीत दिली.

गंगुबाई, तू काय ऐकत उभी? जा भांडी घास.

— तुमी काय करता हो मामा? मघापासून मीच बोलतोय. बँकेत? दापोलीला? नि काय करता बँकेत, पासबुक भरता? — कॉम्प्युटर सांभाळता. रोज संध्याकाळी कॉपी काढता. असं. असं. म्हंजे तुमाला लायसन काय, बोंड काय, सगळं आधीच माहीत, नि इथे माझ्या चिऱ्यावर बसून, माझी चाय ढोसून, मघापासून हो का, हो का, नि मग? नि मग? करून माझ्याकडून काढून घेताय. हुशार. बसा, उठू नका. मी उठा बोललो नाय अजून. हे बाहेर बोललात ना, तर तुमी केळशीला पोचायच्या आधी माझा फोन पोचेल. अवनीच्या बापाला सांगेन की मामाने पोराकडून पाकीट घेतलंन. सांगेन राहीचं. सांगेन बर्फ फोडणाऱ्याला पोरगी देताय, सांगेन दम्याचं घराणं हाय. विश्वास कोणावर ठेवतील? चिरेखाणीच्या मालकावर की —

काय? — परत बोला. ठरलंय? लग्न ठरलंय? मग तुमी आलात कशाला इथे? — पोरगी बोलली. पोरगी बोलली, करीन तर ह्याच्याशीच, नि तुमी फक्त त्याची सर्टिफिकेटं मागायला आलात. चौकशीचं नुसतं निमित्त. नुकसान भरून द्यायला तयार हाय बोलता? पगारातून, थोडं थोडं? — ठेवा, ठेवा ते पाकीट खिशात, मला नका दाखवू. त्याच्यासाठी तुमी भरणार. असा काय सोन्याचा लागून गेलाय तो? बापाने टोपी लाल करून घेतलीन त्याच्यासाठी, राहीने लग्न मोडून घेतलंन, आता तुमी पाकीट घेऊन केळशीहून. माझा पोरगा वसईला हाय, चार वर्षं फोन नाय करत, नि ह्याच्यासाठी लोक — नाय. नाय देणार. लाख आणा. नाय देणार म्हंजे द्यायला नायतच. कुठून देऊ? ज्या दिवशी तो भास्कर इथून गेला ना, पाठ फिरवून, माझ्याकडे बघून त्याच पोरासारखा गप राहून गेला — त्याच संध्याकाळी त्या खड्ड्यात टाकली सगळी नि वर डिझेल. दहावी, बारावी, इंजिनीअर, सगळी. प्लास्टिकसकट. चांगली पेटली. नि तेव्हापासून तो येतो, अमावस्येला, त्या काजूखाली बसतो, राखेसाठी. मी आतून बघतो. जेवतो नि बघतो. हे तर मी आजवर बायकोला नाय सांगितलं. सांगा त्याला जाऊन, येऊ नको बोलावं — नको. सांगू नका. येऊ दे. त्याच्याशिवाय अमावस्या सुनी जाते.

— हां, उठा आता. झालं तुमचं काम. निघा. चपला तिकडे. — काय झालं हसायला? हसलात तुमी. काय हसलात? नष्ट झाली म्हंजे — हां, मीच बोललो, जाळली, म्हंजे नष्ट झाली, मग? मग त्याने — थांबा. ओ, थांबा वायच. शपथेवर. शपथेवर लिहायला आता — नाय. मी असं बोललोच नाय. कागद हायत. आत ट्रंकेत हायत, मी चेष्टा केली, पावण्यांशी चेष्टा करतो मी. ओ मामा. पाकीट द्या, बसा, बोलू आपण. दुसरी चाय टाकतो. कोण साक्षीदार हाय त्याला? तुमी बोललात म्हणून कोर्ट ऐकेल? ए रिक्षावाल्या, थांब. थांब बोलतोय ना — 

गेला.

गंगुबाई. इकडे ये. त्या दिवशी खड्ड्यातली राख तू भरलीस ना पाटीत. कसली होती? पालापाचोळ्याची होती. काजूच्या पानांची. कोणी विचारलं तर काय सांगशील? — अशी बघतेस काय माझ्याकडे. पाटी खाली ठेव नि बोल. कसली राख होती? गंगुबाई. मी विचारतोय तुला. बोल की.